क्लिफर्डचा बॉयलर
इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या घरातला, खोल्या गरम ठेवणारा जुना गॅस बॉयलर क्लिफर्डने स्वतः बसवला होता. त्यामुळे सून ब्रॉनवेनने “नवा घेऊ” म्हटलं की म्हातारा पिसाळायचा. “मी आहे तोवर दुरुस्तच होईल. माझ्या घरातलं तुला काहीच धड दिसत नाही!” तिचा नवरा डंकन दरवेळी बापाचीच री ओढायचा. एका सकाळी त्यांचं बाळ काही केल्या जागं होईना. तिने त्याला उचलून बाहेर धाव घेतली. थंड वाऱ्यात ते कसंबसं रडलं. बॉयलरमधून विषारी वायू गळत होता, तरी भिंतीवरचा त्याची सूचना देणारा अलार्म मुका होता. अलार्मच्या बॅटऱ्या सासऱ्याच्या खिशात निघाल्या. “उगाच कोकलत होता मेला,” तो गुरगुरला. हॉस्पिटलमधून बाळ सुखरूप परतलं, तेव्हा डंकनने पाना बापापुढे आपटला. “तुम्हीच बसवलात ना? मग तुम्हीच काढा. आत्ता!” नट पार गंजले होते. म्हातारा कुथत राहिला. विजेरी धरायलाही कुणी पुढे झालं नाही.