पुठ्ठ्याचा रणगाडा

रणगाड्याच्या डोक्यावर संडासाचे भांडे एकदाचे घट्ट बसले आणि चौथीच्या मुलांनी टाळ्या पिटल्या. दोन्ही वस्तू पुठ्ठ्याच्या, खळीने चिकटवलेल्या वर्तमानपत्रांनी मढवलेल्या. पुढच्या पाटीवर मुलांनी स्वतःच रंगवले होते : ‘आमचा संडास कधी दुरुस्त होणार? – रणगाडे घेऊन झाले की!’

कार्निव्हलच्या रविवारी जर्मनीतल्या कोलोनच्या रस्त्यांवर शाळांची मिरवणूक निघते, आणि त्या दिवशी मोठ्यांची टिंगल करायची मुभा लहानांना असते. पण वर्गशिक्षिका क्रिंग्जबाईंचा एक नियम होता. सोंग रस्त्यावर नेण्याआधी ते आईबापांपुढे करून पाहायचे. मुले पुढे आणि बाई मागे, भिंतीला टेकून, डोळे मिटून. त्या फक्त हसणे ऐकत. लोकांच्या मनातले वारे कुठे वळले, हे त्यांना बातम्यांच्या आधी तिथे कळे.

दोन वर्षांपूर्वी मुले पांढरी अस्वले झाली होती, वितळत्या बर्फावर तेलाचे पिंप घेऊन नाचणारी. तेव्हा सगळी खोली खदखदून हसली होती. सर्वांत मोठ्याने हसले होते ते तेलाच्या रिफायनरीत काम करणारे एक वडील, पेश. गेल्या वर्षी पुन्हा हवामानाचाच विषय घेतला. लोक हसले, पण दुसऱ्याच्या घरी बेचव कॉफी पिऊन ‘छान झालीय’ म्हणावे तसे.

आज कोणीच हसले नाही.

बाईंनी डोळे उघडले. सगळ्यांच्या नजरा एस्सरबाईंना चुकवत होत्या. त्यांचा नवरा सैन्यात, पानगळीपासून लिथुआनियात, रशियाच्या बाजूच्या सीमेजवळ. त्यांची मुलगी रोन्या रणगाड्यापाशीच उभी होती, नाकाला हिरवा रंग लागलेला.

‘अहो, हसा की!’ पेश म्हणाले. त्यांच्या हातातला जॅमचा गोड पाव अर्धाच खाल्लेला होता. ‘अस्वलांच्या वेळी विनोद माझ्या पोटावर होता. मी हसलो की नाही? पिंपसुद्धा मीच आणून दिलं होतं.’

‘पोटावरचं हसण्यावारी नेता येतं, पेश,’ एस्सरबाई म्हणाल्या. ‘हे जिवावरचं आहे.’

‘मग संडासाचं काय करायचं? माझा धाकटा शाळा सुटेपर्यंत दाबून धरतो आणि दप्तरासकट घरात घुसतो. त्याला काय सांगू, देश वाचेपर्यंत कळ काढ?’

मागे कोणीतरी फिसकन हसले आणि लगेच खोकले.

‘मी तरी काय वेगळं म्हणत होते?’ एस्सरबाईंचा आवाज खाली आला. ‘मी भांडायचे नवऱ्याशी, एवढा पैसा तोफांत कशाला ओतता म्हणून. आता तो तिथे आहे. आता रात्री वाटतं, त्याच्या गाडीचा पत्रा चांगला जाड असू दे. कितीही पैसे लागू देत.’

पेशनी हातातला पाव बशीत ठेवला.

उत्तर येत नसेल तर घाई करू नका, असे क्रिंग्जबाई मुलांना नेहमी सांगत. आज मात्र त्यांनीच घाई केली. रणगाडा राहू दे, मुलांना विदूषक करू, असे ठरवून त्या पुढे आल्या आणि रोन्यापाशी वाकल्या.

‘रोन्या, आपण दुसरं काहीतरी करूया का? तुला हे नको असेल तर...’

‘मला कुठे नकोय, बाई?’ रोन्या म्हणाली. ‘बाबांना फोनवर पाटी वाचून दाखवली मी. ते इतके हसले, इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, इथलाही तुंबलाय!’

‘मला नाही सांगितलंस ते,’ आई म्हणाली.

‘तू हल्ली हसत नाहीस ना. म्हणून.’

रणगाड्याची कड उचलून रोन्या आत शिरली. चालकाची जागा तिने आधीच मागून घेतली होती. रणगाडा हलला, डुलत डुलत आईबापांच्या दिशेने निघाला, वाकडा झाला आणि खुर्चीच्या पायावर आपटून थांबला.

‘आई, तू कुठे आहेस?’ आतून आवाज आला. ‘या फटीतून फारच थोडं दिसतं गं.’

एस्सरबाई उठल्या. टेबलावरची कात्री घेऊन त्या रणगाड्यासमोर जमिनीवर बसल्या.

‘तोंड मागे घे,’ त्या म्हणाल्या, आणि फट रुंद करू लागल्या.