शब्दमर्यादा

साखरेच्या रेणूंचे आकार ऑनलाइन फुकट बांधून देणारं एक सॉफ्टवेअर पुढे चालवायचं की नाही, हे आमच्या समितीला ठरवायचं होतं. ते ज्याने लिहिलं तो म्हातारा टूरे समोर बसला होता. मी त्याला विचारलं, "गेल्या पाच वर्षांत एकाही शोधनिबंधात याचं नाव नाही. मग वापरतं कोण?"

"वापरतात पुष्कळ," तो म्हणाला. "फक्त सांगायचं राहून जातं."

समितीपुढे 'राहून जातं' चालत नाही. 'वापर आढळत नाही' असा शेरा मीच मारला, आणि महिन्याभरात सर्व्हर बंद झाला.

दुसऱ्या दिवशी उप्सालाच्या आमच्या प्रयोगशाळेत सोल्वेग वेलचीचा पाव अर्धाच ठेवून माझ्याकडे आली. आमचं रेणूंचं सगळं काम वीस वर्षं तीच करते.

"टूरेचं ते पान उघडत नाहीये. आपलं काम अडलं."

"आपण ते वापरायचो? मग आपल्या निबंधांत त्याचं नाव कसं नाही?"

"मी दर वेळी घालते," ती म्हणाली. "शब्द जास्त झाले की तू पहिली तीच ओळ खोडतेस."