मागची कोरी पानं

कात्रीने शुक्रवार दिला होता. दुपारी तीन वाजता, समितीसमोर, चाळीस मिनिटं.

कात्री म्हणजे विद्यापीठाच्या खर्चकपात समितीचे अध्यक्ष. त्यांनी दोन वर्षांत तीन विभाग कापले होते आणि प्रत्येक वेळी हसून हात मिळवला होता. आता पाळी जुन्या इंग्रजी साहित्याची होती. चारशे वर्षांपूर्वीची नाटकं, कविता, प्रवचनं. वर्गात विद्यार्थी चार, त्यातला एक पंख्याखाली झोपायला येणारा.

प्राध्यापकांना मुलं पाठीमागे वाळवी म्हणत. जुन्या पुस्तकात शिरलेला माणूस, बाहेर यायचं नावच नाही. सत्तावीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. दुसरं काही येत नव्हतं, आणि छप्पन्नाव्या वर्षी कोणी शिकवणारही नव्हतं. विभाग गेला की ते गेले.

हाताशी एकच गोष्ट होती.

कित्येक वर्षांपूर्वी लिलावात सहा जुन्या पुस्तकांचा गठ्ठा घेतला होता. एवढी वर्षं तो घरातल्या फळीवर तसाच पडून होता. धूळ काय ती बायको पुसायची. आठ महिन्यांपूर्वी, समितीची पहिली नोटीस आली तेव्हा, बुडत्याने काडी धरावी तसा त्यांनी तो उघडला. त्यातल्या एका प्रवचनांच्या पुस्तकाची मागची पानं छापताना कोरी राहिलेली. त्यावर हाताने लिहिलेलं होतं. एका बाईने. कुठेही नाव नाही.

मंगळवारी त्यांनी त्या पानांचे फोटो वर्गात दाखवले. त्या काळचं अक्षर सहज वाचता येत नाही, म्हणून ते दर वर्षी मुलांना पिसाच्या लेखणीने ते गिरवायला लावत. शाईसुद्धा जुन्या रीतीची. मायफळं कुटून, हिराकस घालून बायको ती घरी उकळून द्यायची.

"लिहिताना ही फिकी दिसते. हवा लागली की दुसऱ्या दिवशी काळी होते. घाईच्या माणसाची शाई नाही," ते म्हणाले.

पंख्याखालचा मुलगा नेमका जागा होता. "सर, या बाईचं वळण डिट्टो तुमच्यासारखं आहे."

"माझं तिच्यासारखं आहे म्हण. अस्सल शिकवतो, म्हणून."

वर्ग हसला. तेही हसले. महिन्याभरात पहिल्यांदा.

बुधवारी जेवताना बायकोने विचारलं, शुक्रवारी सकाळी दहाला मोकळे आहात का. ती एके काळी त्यांच्याच वर्गात पहिली आलेली. तिचा प्रबंध अर्ध्यावर राहिला, त्यांचा तिने तीनदा टाइप केला. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी ती त्यांना सरच म्हणायची. आधी लाडाने, मग सवयीने.

"शुक्रवारी मला फाशी आहे आणि तू मोकळे आहात का विचारतेस," ते म्हणाले.

"बरं. मी एकटी जाऊन येते, सर."

कुठे, ते त्यांनी विचारलं नाही. भातावर आमटी ओतताना ते मनात भाषणाचं पहिलं वाक्य जुळवत होते.

शुक्रवारी हॉल अर्धा भरला होता. बायको शेवटच्या रांगेत येऊन बसली. पुस्तक घराबाहेर काढायची त्यांची हिंमत नव्हती, म्हणून पडद्यावर फोटो होते. त्यांनी वाचायला सुरुवात केली, एकेक ओळ मराठीत सांगत.

"काखेत गाठ आहे, वाटाण्याएवढी. त्याला सांगितलं नाही. तो मेलेल्यांशी बोलत बसतो, मध्ये बोललेलं त्याला खपत नाही."

नवरा बहुधा पाद्री असावा, त्यांनी समजावलं. जुने धर्मग्रंथ वाचणारा. समितीत थोडा हशा पिकला.

"गाठ आता अक्रोडाएवढी. आजही मी दार वाजवलं. तो म्हणाला, नंतर."

हसू थांबलं.

"हे कधीतरी त्याच्या हाती पडेल. तेव्हा तरी विचारेल." त्यांनी चष्मा काढला. "यापुढची पानं कोरी आहेत."

कात्रीने घसा खाकरला. बाई कोण हे सिद्ध होत नाही, मग याची किंमत काय?

प्राध्यापकांचा तोल गेला. सात महिने विलायतेतल्या गावोगावच्या जुन्या मृत्यूंच्या नोंदी चाळून त्यांचे डोळे शिणले होते. "ती कोण होती हे तिच्या घरातल्या माणसालाच माहीत नव्हतं, साहेब. एका छपराखाली बाई मरत होती आणि तो गाढव पुस्तक वाचत होता. चारशे वर्षांनी तरी कोणीतरी तिचं ऐकायला नको?" आणि ते रडले. सगळ्यांसमोर, टेबलाला धरून, नाक गळेपर्यंत.

मग समितीतल्या एका विभागप्रमुख बाईंनी डोळ्याला पदर लावला, आणि कात्रीला कापता येईना. विभागाला तीन वर्षं मिळाली. पानांचे नीट फोटो काढायला सोमवारी माणूस येणार होता.

हस्तांदोलनं संपेपर्यंत शेवटची रांग रिकामी झाली होती.

घरी पोचायला त्यांना साडेसहा झाले. बायको पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्यांनी बुटांसकट उभं राहून सगळं सांगितलं, कात्रीचा चेहरा कसा झाला तेसुद्धा.

"अभिनंदन, सर," ती तशीच म्हणाली. "दमलेय. पडते जरा."

"पड, पड," ते म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. फळीवरून पुस्तक उतरवलं. शेवटचं लिहिलेलं पान उघडलं, तिला सांगावंसं वाटलं म्हणून, की बाई, तुझं ऐकलं गं कोणीतरी.

शेवटच्या ओळीखाली आणखी एक ओळ होती. वळण तेच. शाई अजून फिकी राखाडी होती.

"आज तो माझ्यासाठी चारचौघांत रडला. वैद्य म्हणाला, उशीर झाला."