चवड्यांवर

पोलीस भरतीआधी थोडा अनुभव गाठीला असावा म्हणून धाकटे दीर चौकीत बिनपगारी मदतीला जाऊ लागले होते. जेवताना अगदी रंगात आले.

"वहिनी, चोराला पालथा पाडायचा, तोंडात बोळा कोंबायचा आणि पट्टा फक्त टाचांवर! माणूस गुरासारखा तडफडतो, पण कातडी फुटत नाही. डॉक्टरच्या बापालाही पत्ता लागत नाही."

"भाऊजी, घास उतरू द्या हो! तुम्हीही मारता?"

"छे, मला अजून नुसतं बघू देतात. पण हात बसलाय आता. एक फटका चुकत नाही."

"साहेब होणार बघ माझा लेक," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात भाऊजींची बायको, माझी धाकटी जाऊ, वाढायला आली. भिंतीचा आधार घेत, चवड्यांवर. आठवडाभर ती अशीच चालत होती. माझ्या तान्ह्याची झोप मोडू नये म्हणून किती जपते पोर, असं मी येईल त्याला कौतुकानं सांगत होते.

तान्हं माझ्या मांडीवर टक्क जागं होतं.