चाळीस जणांचा दम

"अजून जोरात काका, फुंका," नर्स सुभद्रा म्हणाली, आणि भिवाने नव्या यंत्राच्या नळीत होता नव्हता तेवढा दम ओतला. यंत्र मुठीत मावेल एवढं. काटा दोनशेनव्वदवर थांबला. घटकाभरापूर्वी त्याने पेटीएवढ्या जुन्या यंत्रात असंच फुंकलं होतं. तेव्हा दोनशेदहा.

खोकल्याची उबळ ओसरेपर्यंत तो टेबल धरून उभा राहिला. आकडा अडीचशेच्या खाली आला, तर कापसाच्या धुळीने छाती गेल्याचा दाखला. वर गेला, तर 'सक्षम'. संपानंतर त्याच्या गिरणीचं फाटक उघडलंच नव्हतं. आता औषधपाणी काय ते त्या दाखल्यावर.

"आजपासून दाखले नव्या यंत्रावर," डॉक्टर रमाकांत चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. "चाळीस गिरणीकामगार दोन्हींवर तपासले. सरासरी फरक किती? शून्य!"

"पण साहेब, काकांचे ऐंशी वाढलेत."

"आणि ह्या बाईंचे?"

बाकावर सुंदराबाई बसली होती. भिवाच्याच गिरणीतली, भिवाच्याच चाळीतली. जुन्यावर तीनशे, नव्यावर दोनशेवीस. छाती गेल्याचा दाखला तिच्या हातात.

"ऐंशी तिकडे वाढले, ऐंशी इकडे घटले. फिट्टंफाट! जुन्यावर एकवीस आजारी निघाले, नव्यावरही एकवीसच."

"तेच एकवीस नाहीत, साहेब." सुभद्रा म्हणाली.

"मला काय धाड भरलीय?" सुंदराबाई उसळली. "दोन दोन हंडे घेऊन माडी चढते मी. ह्यो भिवा नळापर्यंत जाताना चारदा बसतो. माझा कागद त्याला द्या."

"कागद असे वाटायचे नसतात, बाई. हे शास्त्र आहे." बिस्कीट तुटून कपात पडलं. साहेबांनी ते बोटाने काढून तोंडात टाकलं.

भिवाने धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "म्हणजे साहेब, आम्हां चाळीस जणांचा मिळून दम बरोबर हाय?"

"अगदी बरोबर."

"मग चाळीचे तीन मजले चढताना बाकीच्या एकोणचाळीस जणांना संगती नेऊ काय?"

साहेब पोट धरून हसले. बिस्किटाचा ओला भुगा भिवाच्या कोऱ्या दाखल्यावर उडाला.

"फर्स्ट क्लास! दिल्लीच्या कॉन्फरन्समध्ये सांगतो हे. लिहून घे गं सुभद्रा, जसंच्या तसं. विसरेन मी."

सुभद्राने भुगा झटकला, पेन उघडलं आणि लिहून घेतलं. जसंच्या तसं. भिवाच्या दाखल्यावर, जिथे 'सक्षम' लिहायचं होतं तिथे. मग खाली इस्पितळाचा शिक्का मारला.