सरकलेली खूण

खूण पुन्हा सरकली होती.

रंजनाबाईंनी फोनच्या पडद्यावर बोट फिरवून पुस्तक बंद केलं, परत उघडलं. काल त्यांनी अकराव्या प्रकरणाच्या सुरुवातीला खूण घातली होती. आज फोनमधली बाई नवव्यापासून वाचायला लागली, आणि तेही लहान मुलाला भरवावं तसं, एकेक शब्द करून. रंजनाबाईंचा ऐकण्याचा वेग घरात कुणालाच झेपत नसे, बाकीच्यांना ती नुसती भुणभुण वाटायची. म्हणजे ज्याने फोन उघडला, त्याने आधी वेग कमी केला आणि मग निवांत ऐकत बसला.

आठ वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांची नजर गेली, तेव्हा नवरा म्हणाला होता, “मन्हा डोया शेतस ना, तुले कसानी चिंता?” पण भाईदास शहादा-प्रकाशा मार्गावर काळीपिवळी जीप चालवायचे. ते डोळे दिवसभर बाहेर. खरा आधार दिला तो वाचून दाखवणाऱ्या फोनने, आणि पुस्तकांतल्या खुणांनी. खुणेला आपल्या आवाजातली नोंद जोडता येते, हे कळल्यापासून रंजनाबाई त्यातच मन मोकळं करत. कादंबरीतली सासू रडली की तिथे खूण, आणि त्या खुणेत आपल्या सुनेच्या, कामिनीच्या, तोऱ्याचा सगळा पाढा. ते तिने ऐकलं असेल तर?

त्यांनी सरळ विचारून पाहिलं.

“तुम्हीच इसरी गयात व्हई, आई,” कामिनी म्हणाली.

हे मात्र त्यांना फार लागलं. लोणखेड्याच्या त्या घरात त्या आठवणीच्या भरवशावर वावरत होत्या. पलंगापासून दारापर्यंत सात पावलं, दारापासून मोरीपर्यंत पाच. आठवणच गेली तर मागे राहिलं काय?

संशय एकदा डोक्यात शिरला की जुन्या गोष्टीही नव्याने दिसायला लागतात. कंबर धरली म्हणून भाईदास दोन महिन्यांपासून घरी होते. जीप पगारी ड्रायव्हरच्या, मिथुनच्या, हाती दिली होती. कंबर दाखवायला दर सोमवारी सुनेला घेऊन शहाद्याला जायचे, बायकोला कधी चल म्हणाले नाहीत. शिवाय एकाएकी फार शहाण्यासारखे वागू लागले होते. तीस वर्षं वाटेत चपला टाकणारा माणूस आता भिंतीलगत लावून ठेवायचा, खुर्ची जागची हलू द्यायचा नाही. मन खात असल्याशिवाय माणूस इतका सुधारत नाही, असं रंजनाबाईंचं मत होतं.

मग एका सकाळी त्यांनी मोरीपाशी कुजबुज ऐकली. भाईदास सुनेला सांगत होते, “आईले समजाले नको.”

“कोण शे?” रंजनाबाईंनी विचारलं. चाहूल लागली की त्या हे विचारायच्याच, घरात त्यावरून त्यांची थट्टा व्हायची. आज कुणी थट्टा केली नाही. आम्हीच आहोत, असं म्हणून कामिनी बादली उचलून गेली.

त्याच दुपारी आणखी एक गोष्ट सापडली. फोन कसा वापरायचा हे शिकवणारं पुस्तक, त्यांनी आठ वर्षांपूर्वी संपवलेलं, कुणीतरी उघडलं होतं. तिसऱ्या धड्यावर नवी खूण होती. चोर कुलूप शिकत होता तर. रंजनाबाईंना रडू आलं. ज्या घरात नवरा आणि सून मिळून आपल्यावर पाळत ठेवतात, तिथे राहायचं कशाला? त्यांनी प्रकाशा गावी राहणाऱ्या भावाला, दोधूला, फोन लावला. शुक्रवारी न्यायला येतो, दोधू म्हणाला. त्यांनी पिशवी भरून पलंगाखाली सरकवली. पण जाण्याआधी चोर हाती लागायला हवा होता.

गुरुवारी बारा वाजता, पलीकडच्या गल्लीतल्या अनुसयाबाईंकडे पापड लाटायला जाते असं सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगून, त्या काठी आपटत निघाल्या. फोन मुद्दाम फळीवरच ठेवला होता. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी काठी टेकवली, चपला काढल्या, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि भिंतीला हात लावत परत आल्या.

आत फोनमधली बाई बोलत होती. संथपणे, एकेक शब्द.

वर गच्चीवर कामिनी कपडे झटकत होती, ते स्पष्ट ऐकू येत होतं. म्हणजे ती नव्हे. तेवढ्यात भाईदासांच्या तंबाखूचा वास आला.

सुनेचं एक वेळ समजलं असतं. हा माणूस तर आपला होता.

दार सताड उघडं होतं आणि भर दुपारचं ऊन त्यांच्या पाठीवर येत होतं. त्या उंबऱ्यात, भाईदासांच्या अगदी समोर उभ्या राहिल्या. आता ते मान वर करतील, फोन लपवतील, कंबरेची काहीतरी सबब सांगतील. आपण काय बोलायचं ते त्यांचं ठरलेलं होतं. उद्या दोधू येतोय, मी जाते. बस.

भाईदासांनी काही लपवलं नाही. “खूण जोडली,” फोनमधली बाई म्हणाली. फोन फळीवर, त्याच्या जागी ठेवल्याचा आवाज झाला. मग पलंग करकरला आणि ते पुटपुटत दाराकडे येऊ लागले.

“एक… दोन… तीन…”

रंजनाबाई हलल्या नाहीत. सहाव्या पावलाला एक पुढे आलेला हात त्यांच्या चेहऱ्यावर पडला आणि दचकून मागे गेला.

“कोण शे?” भाईदासांनी विचारलं.