कुरुंद्यातलं जहाज

“जहाज बुडून राहिलंय म्हणतेत. आन् ते बी कुरुंद्यात,” ठाण्यातले साहेब म्हणाले, पण हसले नाहीत. त्यांनी फोन तसाच जमादार फुलसिंगच्या हातात दिला.

पलीकडे मुंबईच्या सागरी बचाव केंद्रातल्या बाई होत्या. आवाज शांत, पण बोलण्यात घाई. मोठ्या जहाजावर एक यंत्र असतं, इपर्ब म्हणतात त्याला, असं त्यांनी सांगितलं. जहाज बुडायला लागलं की ते थेट उपग्रहाला हाक मारतं. तशी हाक सकाळपासून येत होती, आणि नकाशावर जागा दिसत होती ती कुरुंद्याच्या पूर्वेकडच्या मळ्यांत.

“म्याडम, इथं समुद्र न्हाई. विहिरींनाबी पाणी न्हाई धड.”

“कल्पना आहे मला. कुणाकडे तरी जुनं यंत्र असणार. पण ते आत्ता बंद व्हायला हवं. आमची माणसं या हाकेमागे अडकली आहेत. तेवढ्यात खरंच कुणी बुडत असेल तर?”

त्या प्रश्नाने फुलसिंगला जुना पूर आठवला. कुरुंद्यात पूर शिरला होता तेव्हा पत्र्यावर उभी राहून ओरडणारी माणसं त्याने पाहिली होती. त्याने मोटारसायकल काढली.

कुठे जायचं ते विचारावं लागलं नाही. पूर्वेकडचा मोठा मळा उकंडरावांचा, आणि त्यांचा मुलगा विजयकुमार जहाजावर. रडार, वायरलेस असली यंत्रं तो सांभाळतो, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बायको वारल्यापासून लेकीला आजी-आजोबांकडे ठेवून तो वर्षातले बरेच महिने पाण्यावरच असायचा.

मळ्यात हळद शिजवण्याचं काम जोरात होतं. वाफेने डोळे चुरचुरत होते. घरापुढे दोन जीपा उभ्या होत्या. ओसरीवर कडक इस्त्रीतले चार-पाच पाहुणे बसले होते, सोबत दोन बाया.

उकंडराव लगबगीने खाली आले. “या जमादार. काहून तकलीफ घेतली?”

“पाव्हणे कोण?”

“परभणीचे व्यापारी हायेत. माल पाहायला आले. बोलणी पक्की होत आली.”

फुलसिंगने येण्याचं कारण सांगितलं. उकंडरावांचा चेहरा उतरला. “असलं काही न्हाई आमच्याकडं. उद्या या, निवांत पाहू.”

“उद्या न्हाई. आत्ता.”

“पाव्हण्यांपुढं झडती घेता व्हय माझ्या घराची?”

तेवढ्यात फुलसिंगचा मोबाईल वाजला. त्याच बाई. हाक अजून चालूच होती, आणि किनाऱ्यापासून लांब गेलेल्या एका मासेमारी होडीशी संपर्क तुटला होता. त्या होडीची काळजी त्यांच्या आवाजात आता लपत नव्हती.

“तिकडं माणसं मरून राहिली, उकंडराव. बाजूला व्हा.”

दारात उकंडरावांच्या पत्नी गोजरबाई येऊन उभ्या होत्या. त्या नवऱ्यापुढे कधी बोलत नसत. आज बोलल्या.

“पोराचं जुनं सामान मागच्या खोलीत हाय. पाहू द्या त्यास्नी.”

उकंडरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की फुलसिंगलाही ते टोचलं. पण म्हातारी पुढे निघाली होती. मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती.

“नात अभ्यासाला बसली,” उकंडराव मागून म्हणाले. “दहावीची परीक्षा तोंडावर आली. सारखी मोबाईल मागते, बाहेर पळते. म्हणून कडी.”

गोजरबाईंनी कडी काढली.

आत त्यांची नात आरोही खिडकीला टेकून उभी होती. उघड्या पेटीत वायरी, जुने हेडफोन, एक फुटकं होकायंत्र. खिडकीच्या कट्ट्यावर एक पिवळं यंत्र उभं होतं, त्याची एरियलची काडी गजांतून आभाळाकडे गेलेली, माथ्यावर दिवा लखलखत होता. पोरीचे हात पिवळे, गालही पिवळे. या दिवसांत कुरुंद्यात पिवळं नसलेलं माणूस सापडणं कठीण, म्हणून फुलसिंगने दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

फुलसिंगने फोन स्पीकरवर टाकला; बाई सांगत गेल्या आणि त्याने खटका मागे सरकवला. दिवा विझला.

“थांबली हाक,” बाईंनी मोठा श्वास सोडला. “फार मदत झाली. चुकून चालू झालं होतं, असंच नोंदवू ना?”

“चुकूनच,” उकंडराव घाईने म्हणाले. “पोरगं हाय, खेळता खेळता हात लागला. चूक झाली म्हण गं साहेबाला.”

फुलसिंगचाही जीव हलका झाला होता. त्याने पोरीला लटकं दटावलं. “अख्खी मुंबई हलवली की तू! हे काय खेळणं हाय व्हय?”

आरोहीने आजोबांकडे पाहिलंच नाही. ती पुढे आली आणि फोनला ऐकू जाईल इतक्या जवळ उभी राहिली.

“हात न्हाई लागला. म्या चालू केलं,” ती म्हणाली. “बाबांनी सांगितलं होतं, वाचायचा दुसरा रस्ता न्हाई उरला तरच खटका ओढायचा. ओसरीवर बसलेत ते व्यापारी न्हाईत, साहेब. आज माझं लगीन हाय.”